पिल्लू दूध पीत नाही? आधी त्याचं अंग गरम आहे का ते बघा

मोहल्ल्यात मांजर व्याली की कधी जिन्याखाली, कधी बंद पडलेल्या रिक्षाच्या सीटमागे पिल्लं सापडतात. आई गाडीखाली आलेली असते, नाहीतर दोन दिवस फिरकलेलीच नसते. मुलं पिल्लू उचलून घरी आणतात, अम्मी वाटीत दूध ठेवते आणि पिल्लू तोंड फिरवतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "नखरे करतंय, भूक लागली की पिईल आपोआप." इथंच घात होतो.

एवढंसं पिल्लू नखरे करत नसतं. ते पीत नाही, कारण त्याला पिता येत नाहीये. त्याचं अंग थंड पडलंय, दूध चुकीचं आहे, पाजायची पद्धत चुकतेय किंवा ते आजारी आहे. ही चार कारणं याच क्रमाने तपासायची. वाट बघत बसायला वेळ नसतो, कारण इतक्या लहान जीवाची ताकद काही तासांतच संपते.

उचलण्याआधी एक गोष्ट. पिल्लं शांत झोपलेली असतील, पोटं भरलेली दिसत असतील, तर आई शिकारीला गेलेली असू शकते किंवा ती एकेक पिल्लू दुसरीकडे हलवत असेल. लांबून काही तास लक्ष ठेवा. पिल्लं थंड, मळलेली असतील आणि सारखी ओरडत असतील, तर मात्र थांबू नका.

आधी ऊब, मग दूध

जन्मल्यावर पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. अंग थंड पडलं की त्याचं पोट काम करायचं थांबतं. अशा वेळी पाजलेलं दूध पचत नाही, उलट श्वासनलिकेत जायची भीती असते. म्हणून पिल्लाचे पंजे आणि तोंडाचा आतला भाग बोटाने चाचपा. गार लागला तर दूध बाजूला ठेवा.

बाटलीत गरम पाणी भरा, ती टॉवेलात गुंडाळा आणि खोक्यात एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. ऊब हळूहळू द्यायची. हेअर ड्रायर किंवा शेगडीजवळ धरायचं नाही. पिल्लू गरम होऊन हालचाल करू लागलं की पुष्कळदा तोंड आपोआप शोधायला लागतं.

कोणतं दूध?

गाईचं किंवा पिशवीतलं दूध मांजराच्या दुधासारखं नसतं. त्यात लॅक्टोज जास्त आणि प्रथिनं, चरबी कमी असते. पिल्लाला जुलाब लागतात आणि अंगातलं पाणी कमी होऊन ते दगावू शकतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, तीच आणा. रात्री दुकान बंद असेल तर बिनस्वादाच्या ओआरएसचं कोमट पाणी थेंबथेंब देऊन सकाळपर्यंत वेळ काढता येतो, पण सकाळी पावडर हवीच.

दूध कोमट असावं, मनगटावर थेंब टाकला तर ना गरम ना गार लागेल इतकं. फ्रिजमधलं दूध पिल्लू नाकारतं, आणि ते बरोबरच करतं.

पाजायचं कसं?

आपल्या बाळासारखं उताणं झोपवून पाजू नका. ही चूक घरोघरी होते आणि त्यात दूध फुफ्फुसात जातं. पिल्लाला पोटावर ठेवा, जसं ते आईला लुचतं तसं, आणि डोकं किंचित वर. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज किंवा लहान निपलची बाटली वापरा. बाटली उलटी केल्यावर दूध थेंबथेंब यायला हवं. धार लागली तर भोक मोठं आहे, काहीच आलं नाही तर पिल्लू दमून सोडून देतं.

प्रमाण साधारण १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ मिली. पहिल्या आठवड्यात दर २ ते ३ तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात ३ ते ४ तासांनी, पुढे अंतर वाढवत जायचं. तीन आठवड्यांपर्यंत दर वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शू-शीची जागा हळूच पुसावी लागते. आई चाटून हेच करते. पोट साफ झालं नाही तर पिल्लू पुढचं दूध घेत नाही.

किचनच्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढत असेल तर काळजी नाही. वजन थांबलं किंवा घटलं तर काहीतरी बिघडलंय.

दात आल्यावरचा हट्ट

चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू होतं आणि खरी आवडनिवड इथं दिसते. मांजर वासावर खातं. म्हणून पिल्लांचं ओलं फूड त्याच दुधाच्या पावडरीत पातळ करून कोमट करा, बोटाला लावून चाटवा, मग उथळ बशीत ठेवा. नाक चोंदलं असेल तर वास येत नाही. ओल्या कापसाने नाक पुसून मग बशी पुढे करा.

सालनातलं चिकन धुऊनही देऊ नका, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे. बिनमिठाचं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन चव लागावी म्हणून चालतं, पण वाढीसाठी तेवढंच पुरत नाही. दूध-चपाती तर अजिबातच नाही. मांजराला टॉरिन लागतं आणि ते मांसातूनच मिळतं.

डॉक्टर कधी?

सलग दोन वेळा दूध घेतलं नाही, नाकातून दूध आलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, जुलाब लागले किंवा पिल्लू लुळं पडलं, तर लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जवळच्या पशुवैद्यांकडे न्या. मुंबईकरांसाठी परळचं बैल घोडा हॉस्पिटल आहेच. नेताना पिल्लू उबेत गुंडाळलेलं असू द्या. घरातलं लहान मुलांचं तापाचं औषध मात्र चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं.

मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ती आहे. तिने खायलाही दिलं नाही आणि सोडलंही नाही. पिल्लू खोक्यात घालून घरी आणलं की तेही कुठं जाऊ शकत नाही. त्याचं खाणं-पिणं आपल्या जिम्म्यावर येतं. रात्री दोनला उठणं जमणार नसेल तर घरात पाळ्या लावा, नाहीतर ज्याला जमतं त्याच्याकडे त्याच दिवशी सोपवा.