इंजिनात तुटलेला बोल्ट

जुन्या मोटारीचे इंजिन उघडताना पान्यावरचा जोर हळूहळू वाढत जातो, बोल्ट हलल्याचा भास होतो आणि एकाएकी हाताला मोकळेपणा जाणवतो. बोल्टाचे डोके पान्यात येते. दांडा मात्र इंजिनातच राहतो. अ‍ॅम्बॅसडर मोटारीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या ओतीव भागाचे, स्टड या बाबतीत प्रसिद्धच आहेत. या मोटारीचे उत्पादन उत्तरपारा येथील कारखान्यात २०१४ साली थांबले. त्यामुळे घाईत हेड बिघडवले तर दुसरे चांगले हेड मिळवणे सोपे राहिलेले नाही.

बोल्ट कसताना तुटला की सोडवताना, हे प्रथम पाहावे. अति कसल्याने तुटलेला दांडा आट्यांत पुष्कळदा मोकळाच असतो. कडेला टोकदार पंच लावून उलट दिशेने हलके ठोके दिले, तरी तो फिरून वर येतो. सोडवताना तुटलेल्याची गोष्ट निराळी. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. आट्यांमधील बारीक फटीत तो पाचरीसारखा बसतो, आणि पान्याचा सारा पीळ दांड्यावर येऊन तो मोडतो. जो बोल्ट डोके शाबूत असताना सुटला नाही, तो डोके गेल्यावर केवळ बळाने कसा सुटणार? आधी गंजाची पकड सैल झाली पाहिजे.

त्यासाठी गंज सोडविणारे पातळ तेल घालून रात्रभर थांबावे, मधूनमधून दांड्यावर हलके ठोके द्यावेत. दुसरा उपाय उष्णतेचा. प्रीमियर पद्मिनीचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, आणि हा धातू तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. म्हणून हेड सर्व बाजूंनी सारखे तापवले की आटे सैल होतात. अ‍ॅम्बॅसडरचे हेड बिडाचे. बीड आणि पोलाद यांचे प्रसरण जवळपास सारखे असल्याने तेथे सगळे हेड तापवून फारसे साधत नाही; दांडाच लाल होईपर्यंत तापवावा लागतो. तो फुगू पाहतो, भोवतालचे बीड त्याला दाबून धरते, आणि निवताना तो आक्रसून गंजाचा थर तडकतो. तुटलेल्या टोकावर नट ठेवून त्याच्या पोकळीतून वेल्डिंग करण्याची रीत याच कारणाने सर्वांत गुणकारी ठरते: उष्णताही मिळते आणि पाना लावायला नवे डोकेही. अर्थात पेट्रोलची टाकी आणि नळ्या जवळ असताना हा प्रयोग करू नये.

एवढ्यानेही भागले नाही, तरच ड्रिल हाती घ्यावे. येथे सगळा खेळ मध्यबिंदूचा असतो. दांड्याचे तोंड कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर पंचाची खूण करावी आणि बारीक ड्रिलने सुरुवात करावी. ८ मिलिमीटरच्या बोल्टात भोक मोठे करत नेताना अर्धा मिलिमीटर चूक झाली, तरी ड्रिल एका बाजूचे आटे खाऊ लागते. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाल्यास उत्तम. कापता कापताच कधी दांडा सुटून येतो.

बाजारात मिळणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरवर मात्र अनेकांचा नको तितका विश्वास असतो. ते पोलाद अतिशय कठीण, म्हणूनच ठिसूळ. घट्ट गंजलेल्या दांड्यात ते मोडले, तर त्यावर साधे ड्रिल चालत नाही. मग कार्बाइडचे हत्यार किंवा विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे यंत्र शोधावे लागते. ही ठिणगीची पद्धत सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस व नताल्या लाझारेन्को यांनी १९४३ साली विकसित केली. घड्याळजींची युक्ती याहून कितीतरी जुनी आहे: पितळी भागात तुटलेला पोलादी स्क्रू ते तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवतात. बिडाच्या हेडला ती उपयोगाची नाही, कारण तुरटी हेडलाही सोडणार नाही.

दांडा निघाल्यावर आट्यांतून टॅप फिरवून ते साफ करावेत. आटे खराब झाले असतील, तर भोक मोठे करून तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवता येतात. नव्या स्टडला ग्रॅफाइटचे वंगण लावावे आणि वर पितळी नट घालावा. पितळ पोलादाशी गंजून एकजीव होत नाही; पुढच्या खेपेस नट सुटतो, आणि स्टड जागीच राहतो.