गाण्याचे शब्द बदलावे का?

जुने भजन किंवा स्तोत्र नव्या पुस्तकात छापताना त्यातील शब्द बदलावे की नाही, हा वाद सर्व धर्मांत आणि सर्व देशांत आहे. कॅनडाच्या राजधानीत, ओटावा येथे, हा वाद थेट पार्लमेंटात गेला.

कॅनडाचे राष्ट्रगीत प्रार्थनेच्या चालीचे आहे. 1880 साली आडॉल्फ-बाझील रूथिए यांनी ते फ्रेंचमध्ये लिहिले व कालिक्सा लाव्हाले यांनी त्याला संगीत दिले. आज गायिले जाणारे इंग्रजी गीत मात्र त्याचे भाषांतर नाही. ते रॉबर्ट स्टॅनली वियर यांनी 1908 मध्ये स्वतंत्रपणे रचले. त्यात देशप्रेम ‘आपल्यात’ जागव अशा अर्थाचे शब्द होते. पुढे काही वर्षांतच वियर यांनी तिथे ‘पुत्र’ हा शब्द घातला. मग कन्यांचे काय?

2010 साली सरकारने हा शब्द बदलण्याचा विचार बोलून दाखविला. लोक इतके रागावले की दोन दिवसांतच तो सोडून द्यावा लागला. पुढे ओटावा-व्हानिए मतदारसंघाचे खासदार मोरील बेलांजे यांनी विधेयक आणले. असाध्य आजाराने त्यांची वाचा गेली होती, तरी ते यंत्राच्या आवाजाने सभागृहात बोलले. जून 2016 मध्ये कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केले. ऑगस्टमध्ये बेलांजे वारले. सिनेटमध्ये दीड वर्ष वाद चालला. इतिहासाला हात लावू नका, असे विरोधकांचे म्हणणे होते. अखेर 31 जानेवारी 2018 रोजी सिनेटने मान्यता दिली, 7 फेब्रुवारीला कायदा झाला आणि ‘पुत्र’ जाऊन ‘आपण सर्व’ आले.

बदल पटो वा न पटो, तो उघडपणे झाला. कोणी केला, कधी केला, आधी काय होते, हे सर्व नोंदलेले आहे. स्तोत्रांच्या पुस्तकांत असे नेहमी होत नाही. चार्ल्स वेस्ली यांचे 1739 चे नाताळचे गीत आज जगभर ज्या शब्दांनी सुरू होते, ते त्यांचे नव्हेत. ते जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी 1753 साली घातले. पुढे चार्ल्स यांचे बंधू जॉन यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत विनंती केली : आमची गीते बदलू नका, बदलायचीच असतील तर मूळ शब्द समासात तरी छापा. गंमत अशी की, दुसऱ्यांची गीते त्यांनी स्वतः बदललेली होती!

आपल्याकडे संत एकनाथांचा कित्ता आहे. हातोहात नकला होताना ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आपण काय केले आणि कोणत्या वर्षी केले, हेही त्यांनी शेवटी लिहून ठेवले. शिवाय बजावले की यात जो स्वतःची ओवी घालील, तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील.

शब्द नकळतही बदलतात. गणपतीच्या आरतीत ‘संकटी’चे ‘संकष्टी’ आणि ‘फणिवर’चे ‘फळीवर’ झालेले कोणी ऐकले नाही? फणिवर म्हणजे नाग. तो फळीवर कसा जाऊन बसला, ते गाणाऱ्यालाच ठाऊक!

वाचकहो, मॉरिशसमध्ये ही काळजी आपल्याला अधिकच घ्यावी लागते. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच, आणि मराठी बहुधा आरतीत, भजनात आणि झाकरीत. मुलांना अर्थ कळत नाही म्हणून शब्द सोपे करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा शब्द तसाच ठेवून शेजारी अर्थ लिहावा. आजी-आजोबा वेगळा पाठ म्हणत असतील, तर तोही वहीत टिपावा. बदल करावाच लागला, तर मूळ शब्द खाली लिहून साल घालावे. पुढच्या पिढीला निवड करता यावी, एवढे तरी आपण तिच्या हाती ठेवलेच पाहिजे.