गिटमधील शाखादर्शन आणि पाठपरंपरा

पाठचिकित्सक हस्तलिखितांची वंशावळ अनुमानाने रचतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांनी नेमका कोठे पाठ बदलला, याचा निर्णय उपलब्ध प्रतींच्या तुलनेवरूनच करावा लागतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये निर्माण केलेल्या ‘गिट’ या प्रणालीत प्रत्येक नोंद, म्हणजे कमिट, आपल्या पूर्वनोंदीचा निर्देश स्वतःमध्येच बाळगते. शाखा म्हणजे केवळ अखेरच्या नोंदीकडे बोट दाखविणारे सरकते नाव होय. साहजिकच हा इतिहास वंशजाकडून पूर्वजाकडे वाचला जातो.

‘गिट लॉग’ ही आज्ञा चालू शाखेवरून मागे जाताना लागणाऱ्या नोंदीच तेवढ्या दाखविते. सहकाऱ्याने दुसऱ्या शाखेत नोंदलेला पाठभेद तीत दिसत नाही, आणि संपादक तो नाहीच असे समजून बसतो. ‘ऑल’ व ‘ग्राफ’ हे पर्याय जोडले, की सर्व शाखांचे फाटे आणि संगम रेषांनी उमटतात.

‘रीबेस’ केलेला इतिहास मात्र सरळ दिसतो तो मागाहून तसा मांडल्यामुळे. मूळ नोंदी बाजूला पडतात व त्यांच्याकडे नेणारे काहीच न उरल्यास कालांतराने पुसल्या जातात. पाठसंपादनात म्हणून ‘मर्ज’ श्रेयस्कर. संगमाच्या नोंदीत दोन्ही पूर्वज नमूद असतात.