निसर्गाच्या खात्यातील स्थायी सूचना

सकाळची ठरलेली लोकल अथवा मेट्रो गाठणारा आणि रात्री उशिरा घरी परतणारा शहरी नोकरदार पर्यावरणाविषयी उदासीन असतो, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच्याकडे उणीव असते ती वेळेची. नववर्षाच्या प्रारंभी वीज वाचविण्याचे, पाणी जपण्याचे संकल्प केले जातात. परंतु मार्चअखेरच्या कामाच्या रेट्यात ते केव्हा विरून गेले, हे कळतही नाही. जे काम रोज आठवणीने करावे लागते, ते थकल्याभागल्या माणसाच्या हातून सुटतेच.

बँकेच्या ग्राहकाला यावरील उपाय मात्र चांगलाच परिचित आहे. आवर्ती ठेवीचा हप्ता दरमहा आठवणीने भरावा लागू नये, म्हणून तो एकदाच स्थायी सूचना देतो आणि निश्चिंत होतो. शहरातील पर्यावरणस्नेही जीवनाची गुरुकिल्लीही हीच आहे. रोजच्या डझनभर संकल्पांपेक्षा विचारपूर्वक घेतलेले चार-पाच निर्णय अधिक फलदायी ठरतात.

विजेचा ताळेबंद

छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा साधारण ३५ वॅटमध्ये देतो. दिवसाचे १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरल्यास एका पंख्यामागे १४४ युनिटची बचत होते. युनिटला आठ रुपये दर धरला, तर ही रक्कम ११५२ रुपये होते. तीन हजारांचा पंखा तीन वर्षांच्या आत आपली किंमत फेडतो आणि पुढे निव्वळ लाभ उरतो. अर्थात, चालू स्थितीतील सर्वच उपकरणे एकदम भंगारात काढणे हाही अपव्ययच होय. जो पंखा सर्वाधिक तास फिरतो, त्यापासून आरंभ करणे हितावह.

वातानुकूलन यंत्राचेही तसेच आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये उपकरणांसाठी तारांकन योजना सुरू केली. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून देणे उत्पादकांना बंधनकारक झाले. तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशेब आहे. म्हणजे येथे ग्राहकाने करावयाचे काम एवढेच, की तो आकडा खाली आणू नये.

थेंबाचे मोल

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरमधील कूपनलिका आटल्या. उच्चभ्रू वसाहतींतील नोकरदारांनाही टँकरची वाट पाहावी लागली आणि पाणी नसल्याने सुटी घेण्याची वेळ अनेकांवर आली. प्रशासनाने त्या वेळी कार्यालये, मॉल, उपाहारगृहे आदी ठिकाणच्या नळांना एरेटर बसविणे सक्तीचे केले. नळाच्या तोंडाशी बसणारी ही छोटीशी जाळी पाण्यात हवा मिसळते. धार भरीव वाटते, पण पाणी निम्म्याहून कमी लागू शकते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी पंधरा-वीस लिटर पाणी वाया घालवितो. प्लंबरला एका रविवारी बोलावून गळके नळ दुरुस्त करून घेतले आणि जाळ्या बसविल्या, की पुढे काही लक्षात ठेवावे लागत नाही.

दोन डबे, एक सवय

कचऱ्याच्या बाबतीत इंदूरचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे. २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर देशात प्रथम आले आणि पुढेही वर्षानुवर्षे त्याने तो मान राखला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून जैव-सीएनजी तयार करण्याची क्षमता असलेला प्रकल्प कार्यान्वित झाला. मात्र या यशाचे खरे बीज यंत्रात नसून स्वयंपाकघरात आहे. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला नाही, तर असा प्रकल्प नीट चालू शकत नाही. ओट्याखाली दोन डबे शेजारी ठेवले, की हात एकाऐवजी दुसरीकडे वळतो, एवढेच. त्याला जादा वेळ लागत नाही.

प्रवासाचेही असेच घडते. लोकलचा त्रैमासिक पास एकदा काढला, की गाडी काढावी की नाही, हा रोजचा प्रश्नच उरत नाही.

एकट्याने न होणारे काम

काही निर्णय मात्र सामूहिकच असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सौर संचासाठी कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापराच्या संचासाठीही किलोवॅटमागे १८ हजार रुपयांची तरतूद करण्यात आली. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांचा भार गच्चीवरील ऊन बऱ्याच अंशी उचलू शकते. त्यासाठी सभासदाने द्यावयाचा असतो तो वार्षिक सर्वसाधारण सभेतील एक तास. नेमक्या याच सभेकडे व्यग्र नोकरदार पाठ फिरवितात आणि मग असे ठराव वर्षानुवर्षे रेंगाळतात.

सर्व निर्णय एकाच महिन्यात अमलात आणण्याचा अट्टाहास नको. या महिन्याचे वीजबिल काढून पाहावे, सर्वाधिक खर्च कोठे होतो ते शोधावे आणि तेवढी एकच सूचना द्यावी. पहिल्या निर्णयाची बचत हाती पडू लागली, की दुसऱ्यासाठी कोणाच्या आग्रहाची आवश्यकता राहत नाही.