हृदय निर्दोष, तरी फुफ्फुसांत पाणी

फुफ्फुसांत पाणी झाले असे ऐकताच रुग्णाच्या आप्तांच्या, आणि पुष्कळदा आपल्याही, मनात प्रथम हृदयाचा विचार येतो व हात लॅसिक्सकडे वळतो. परंतु हृदय सर्वस्वी निर्दोष असतानाही फुफ्फुसे पाण्याने भरू शकतात. अतिउंचीवर होणारा पल्मनरी इडिमा, म्हणजेच ‘हेप’, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर राहणारे आपण इंदूरकर आता विमानाने एका दिवसात ३,५०० मीटरवरील लेहला पोहोचतो. केदारनाथही जवळपास तितक्याच उंचीवर आहे. १९६० मध्ये चार्ल्स ह्यूस्टन यांनी या विकाराकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. १९६२ च्या युद्धानंतर हिमालयातील भारतीय सैनिकांवरील अनुभव इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

विरळ हवेत प्राणवायू कमी पडताच फुफ्फुसांतील धमन्या आकुंचन पावतात. मात्र सर्वत्र सारख्या नव्हे. जेथे आकुंचन कमी, तेथे रक्ताचा लोंढा वळतो, केशवाहिन्यांतील दाब वाढतो, त्यांच्या नाजूक भिंती झिरपू लागतात आणि वायुकोश भरतात. हृदयाची डावी बाजू मात्र आपले काम चोख करीत असते.

लक्षणे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, विशेषतः रात्री, दिसतात. चालताना सोबत्यांच्या मागे पडणे, कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, निळसर ओठ आणि अखेर गुलाबी फेसाळ कफ. किंचित ताप असल्यास न्यूमोनियाचा भास होतो. तरुण व धडधाकट माणसालाही हा विकार सोडत नाही.

उपचार सोपे, पण तातडीचे आहेत. प्राणवायू देऊन संपृक्तता ९० टक्क्यांवर ठेवावी. रुग्णाला शक्यतो न चालवता किमान १,००० मीटर खाली आणावे. दोन्ही अशक्य असल्यास दीर्घप्रभावी निफेडिपिन ३० मिलिग्रॅम दर बारा तासांनी द्यावे. लॅसिक्सचा येथे उपयोग नाही. शरीरात आधीच पाणी कमी असल्यास अपायच होतो.

प्रतिबंध अधिक सोपा आहे. ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

यात्रेस निघालेली मंडळी औषधे लिहून घेण्यास आपल्याकडे येतात. त्यांना एवढे अवश्य सांगावे : बसूनही धाप थांबत नसेल, तर दर्शन राहिले तरी चालेल, आधी खाली उतरा.