पामचा जीव एका कोंबात

डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र होते, उत्तरेचा कोरडा वारा सुरगुजाचा डोंगराळ भाग ओलांडून छत्तीसगडच्या मैदानात उतरतो आणि रायपूरचा पारा दोन-तीन दिवसांत झपाट्याने खाली येतो. जानेवारीत या शहराचे सरासरी किमान तापमान साधारण १३ अंश असते. माणसाला सुखावणारी ही थंडी. पण लाट आली की माना विमानतळाकडचा पारा १० अंशांच्याही खाली जातो आणि त्याच दिवसांत बागेतल्या कोवळ्या पामांवर संकट येते. ते त्या दिवशी दिसत नाही. कळते तेव्हा फेब्रुवारी उजाडलेला असतो.

रायपूर स्थानकाच्या पलीकडे, रुळांच्या दुसऱ्या अंगाला गुढियारी आहे. घाऊक बाजार, गोदामे, मालाचे ट्रक आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत दाटीने उभी घरे. जागा थोडी, तरी फाटकाशी एखादा अरेका, गच्चीवरच्या कुंडीत फॉक्सटेल, जरा मोठे अंगण असेल तर बॉटल पाम किंवा नारळ, ही हौस इथल्या घरांतही आहे. ती जपायला हवी, कारण उरला-सिलतरा पट्ट्यातल्या पोलाद कारखान्यांच्या धुळीचा त्रास सोसणाऱ्या या भागात हिरवे पान ही चैन नाही, गरज आहे.

मध्य भारतातल्या रोपवाटिकांत विकायला येणारी शोभेची अनेक रोपे आंध्र प्रदेशातल्या कडियमची असतात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातली ही जागा, समुद्राची दमट हवा, वर हिरव्या जाळीची सावली. तिथे हिवाळा नावालाच असतो. अशा लाडात वाढलेले रोप ऑक्टोबरात ट्रकने येते, आपण ते उघड्यावर लावतो आणि आठ-दहा आठवड्यांत त्याच्यावर कोरड्या थंडीची पहिली रात्र येते. मुळे अजून पिशवीच्या आकाराबाहेर पडलेली नसतात. रोप दगावले की दोष थंडीला दिला जातो. खरे तर चूक लावण्याच्या महिन्यात असते.

आंबा फुटतो, पाम फुटत नाही

आंबा, पेरू, जास्वंद यांचा शेंडा थंडीने करपला तर खालच्या डोळ्यांतून नवी फूट येते. पामला ही सोय नाही. नारळ, रॉयल, बॉटल, फॉक्सटेल अशा एकखोडी पामांना वाढीचे एकच ठिकाण असते: शेंड्याच्या गाभ्यात, कोवळ्या पानांच्या आवरणांत दडलेला कोंब. पुढे कित्येक महिन्यांनी उलगडणारी पाने आणि येणारे फुलोरे आतल्या आत तिथेच घडत असतात. तो कोंब मेला की झाड संपले, खोड वर्षभर उभे दिसले तरी. अरेका किंवा लेडी पामसारख्या झुपक्याने वाढणाऱ्या जाती तेवढ्या थोड्या सुदैवी, कारण एक खोड गेले तरी बाजूची फूट राहते.

खोडाचेही तसेच. इतर झाडांच्या सालीखाली दरवर्षी नवे लाकूड तयार करणारा थर असतो आणि त्यामुळे जखमा भरून येतात. पाम गवताच्या जवळचा, त्याच्यात तो थर नसतो. थंडीने, कुऱ्हाडीने वा खिळ्याने झालेली खोडाची जखम कायमची राहते. म्हणून पामचे रक्षण म्हणजे पानांचे रक्षण नव्हे, कोंबाचे रक्षण. पाने गेली तर येतील.

रायपुरात बर्फ पडत नाही, मग धोका कसला, असा प्रश्न साहजिक आहे. पण उष्ण प्रदेशातल्या वनस्पतींना इजा व्हायला पाणी गोठावे लागत नाही. तापमान १० अंशांच्या आसपास वा खाली बराच वेळ राहिले, की त्यांच्या पेशींच्या आवरणातला स्निग्ध भाग घट्ट होतो आणि पेशींचे काम बिघडते. थंड जमिनीतून मुळांना पाणी आणि मँगेनीजसारखी द्रव्ये नीट उचलता येत नाहीत. वर सकाळचे लख्ख ऊन पडते आणि गारठलेल्या पानाला ते पेलत नाही. मग पिवळे-तपकिरी ठिपके पडतात, टोके वाळतात, अरेकाचे पान तांबूस दिसू लागते.

आकाशाकडे जाणारी उष्णता

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश वा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी झाले, की ती थंडीची लाट. ४ अंश वा त्याखाली गेले तर सरासरी न पाहताही लाटच. रायपूर आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. नागपूरने २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची रात्र पाहिली आहे. तेव्हा मध्य भारताच्या मैदानात असे काही होत नाही, या भरवशावर राहू नये.

बातमीतला आकडा आपल्या अंगणाचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. वेधशाळेचा तापमापक सावलीच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडते आणि सर्वांत थंड हवा जमिनीलगत साचते. गुडघाभर उंचीचे रोप नेमके त्याच थरात उभे असते. तिथले तापमान पेटीतल्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असू शकते. उलट दाट वस्तीत भिंती आणि रस्ते दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहतात, त्यामुळे गुढियारीतली गल्ली मानाच्या मोकळ्या माळापेक्षा उबदार राहते. त्याच गल्लीतल्या घराची उघडी गच्ची मात्र आकाशाला पूर्ण सामोरी असते. म्हणून दहा रुपये जास्त गेले तरी चालतील, एक किमान-कमाल तापमापक घ्यावा आणि रोपाच्या उंचीला टांगावा. आपल्या बागेचा थंड कोपरा दोन रात्रींत कळतो.

उष्णता आकाशाकडे जाते हे एकदा कळले की उपायांची दिशाही सापडते. पामच्या डोक्यावर काहीही आडवे असले, आंब्याची फांदी, पडवीचे छप्पर, रोपवाटिकेतली हिरवी जाळी, तर ती गळती कमी होते. कुंडी उचलून गच्चीच्या मध्यावरून छपराखाली, दक्षिणेच्या वा पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवणे हा बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी थंडी लागते, म्हणून कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात.

लाटेच्या रात्री

जमिनीतल्या रोपासाठी गुढियारीत साहित्य दारातच आहे. धान्याच्या बाजारात जुना बारदाना मिळतो. धानकापणी होऊन गेल्यामुळे डिसेंबरात पैऱ्याचे, म्हणजे आपल्या झाडीपट्टीतल्या तणसाचे, ढीग गावोगावी लागलेले असतात.

पाने अलगद वर गोळा करून सुतळीने सैल बांधावीत. त्यामुळे कोंबाभोवती पानांचेच कवच होते. रोपाच्या बाजूंना तीन-चार बांबू रोवून त्यांवर गोणपाट टाकावे आणि ते जमिनीपर्यंत आणून कडेला विटा ठेवाव्यात. गोधडी स्वतः ऊब निर्माण करत नाही, अंगाची ऊब धरून ठेवते. हे आच्छादनही तसेच, फक्त इथे ऊब जमिनीची असते. म्हणून नुसते शेंड्याला गुंडाळून खोडापाशी घट्ट बांधलेले पोते फारसे उपयोगाचे नाही, जमिनीची उष्णता त्याच्या आत जाणारच नाही. प्लॅस्टिकचा कागद पानांना टेकू देऊ नये. टेकतो तिथे पान करपते आणि सकाळच्या उन्हात आत वाफ धरते. गोणपाट असो वा कागद, सूर्य वर आला की काढावे आणि संध्याकाळी पुन्हा घालावे. मुळांवर तणसाचा वीतभर थर द्यावा, मात्र खोडाला चिकटून ठेवू नये.

पाण्याबद्दल गैरसमज फार आहेत. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सावकाश सोडते, म्हणून लाट येण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाणी द्यावे. बोअरचे पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असते, ते थेट मातीत दिले तर आणखी चांगले. पण रात्री पानांवर पाणी मारू नये आणि शेंड्याच्या गाभ्यात तर थेंबही जाऊ देऊ नये. थंडीने दुबळ्या झालेल्या कोंबात साचलेले पाणी बुरशीला आमंत्रण देते. जमीन कन्हार असेल, म्हणजे भारी काळी चिकण, तर रोज पाणी देऊन चिखल करू नये. थंड, हवा न खेळणाऱ्या मातीत मुळे कुजतात.

धुराचा उपाय मात्र सोडून द्यावा. निफाडच्या परिसरातले द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी देतात, हे आपण वाचतो. तिथे कामाला येते ती अनेक लहान शेकोट्यांची उष्णता आणि पाण्याची ऊब. धूर जमिनीची उष्णता फारशी अडवत नाही. अंगणात एकच मोठी शेकोटी केली तर तिची ऊब सरळ वर निघून जाते, उलट जवळची पाने भाजतात. टायर, प्लॅस्टिक, कचरा जाळणे हे तर आपल्याच मुलांच्या छातीत धूर भरणे आहे. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच देशभर बंदी घातली आहे.

लाट ओसरल्यावर कात्री नको

लाट गेली की हात शिवशिवतात. करपलेली पाने डोळ्यांना सलतात आणि माळी ती छाटून टाकतो. सर्वांत मोठे नुकसान अनेकदा इथेच होते. अर्धे करपलेले पानही उरलेल्या हिरव्या भागाने अन्न तयार करते आणि पुढच्या थंड रात्री कोंबावर सावली धरते. थंडी पूर्ण सरेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत, पानांना हात लावू नये. त्यानंतरही पूर्ण वाळलेली तेवढीच काढावीत.

पाहायचे ते मधल्या सुईकडे, न उलगडलेल्या सरळ पानाकडे. आठवड्यातून एकदा ते हळूच ओढून पाहावे. घट्ट असेल तर कोंब जिवंत आहे. सहज निघून हातात आले आणि बुडाला कुजका वास असेल तर बुरशी पोहोचली आहे. तेव्हाही झाड उपटू नये. कुजलेला भाग काढून एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या बादलीत तयार करून गाभ्यात ओतावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा द्यावे. पावसापर्यंत नवी सुई दिसली तर झाड वाचले. ती वेडीवाकडी, तोकडी निघाली तरी घाबरू नये. थंडीच्या दिवसांत ते पान कोंबात घडत होते, त्याच्यावरची ती खूण आहे. पुढची पाने सरळ येतात. जानेवारी २०१० मध्ये दक्षिण फ्लोरिडात सलग कित्येक दिवस थंडी राहिली, तेव्हाही तिथल्या बागायतदारांना धीर धरण्याचाच सल्ला दिला गेला.

तयारी जूनपासून

एवढे सगळे वाचून हे फार कष्टाचे वाटेल. पण कष्ट दोन-चार रात्रींचेच आहेत, आणि तेही कमी करता येतात. पाम जून-जुलैत लावला तर थंडीपर्यंत त्याची मुळे जमिनीत रुजतात. पालाशची उणीव असलेला पाम थंडीने अधिक करपतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात पालाश द्यावे आणि युरियाचा हात आवरावा. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी पालवी नेमकी थंडीच्या तोंडावर येते. मोठ्या नारळाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र आणि १२०० ग्रॅम पालाश, अशी शिफारस आहे. पालाश नत्राच्या दुपटीहून जास्त. घरच्या बागेत बहुधा याच्या नेमके उलट घडते.

निवडही विचाराने करावी. लिपस्टिक पाम, बॉटल पाम, सुपारी ही नाजूक मंडळी. ज्यांच्याकडे पडवीची आडोशाची जागा आहे त्यांनीच ती आणावीत. नारळ रायपुरात जगतो, पण पहिली दोन-तीन वर्षे त्याला हिवाळ्यात सांभाळावे लागते. रायपूरच्या दक्षिणेला, कोंडागावजवळ कोपाबेड्याला नारळ विकास मंडळाचे प्रात्यक्षिक क्षेत्र आहे, यावरून छत्तीसगडची जमीन नारळाला परकी नाही हे दिसते. रॉयल आणि फॉक्सटेल मध्यम सोशिक, लेडी पाम आणि चिनी फॅन पाम चांगले काटक. कुमाऊँच्या डोंगरात पिथौरागढजवळ तर दोन हजार मीटरच्या वर बर्फ झेलणारा टाकिल पाम आहे. इतके लांब जायचे नसेल तर याच मातीतले छिंद, म्हणजे शिंदी, आणि ताड आहेत, बस्तरच्या पाड्यांवरची सल्फी आहे, जिला आपण भेरली माड म्हणतो. इथला हिवाळा आणि मे महिन्यातला ४५ अंशांचा उन्हाळा, दोन्ही त्यांनी पिढ्यानपिढ्या सोसले आहेत. शोभेच्या यादीत त्यांना जागा नसते, ती आपण द्यायला हवी. मोठ्या अंगणात एक छिंद आणि एक ताड, पडवीशी लेडी पाम आणि ज्याच्यावर जीव जडला आहे असा एखादाच नाजूक पाम, एवढा हिशेब ठेवला तर लाटेच्या रात्री झाकायला गोणपाटाचे एकच पोते पुरेल, आणि तो एक कोंब नीट झाकून होईल.