बुटक्या स्प्रूसची राखण

सकाळी सात. ऑन्टारियोत मे उजाडला तरी या वेळी बोटं गारठतात. नर्सरीत माझं पहिलं हत्यार म्हणजे पांढरा कागद. तो बुटक्या अल्बर्टा स्प्रूसच्या फांदीखाली धरायचा आणि फांदीला दोन टपल्या मारायच्या. कागदावर पडलेली धूळ चालायला लागली, की समजायचं कोळी आहे. आपल्याकडचा लाल कोळी उन्हाळ्यात माजतो, स्प्रूसवरचा गारव्यात. झाड तपकिरी दिसतं ते पुढे, ऐन उन्हाळ्यात, आणि लोक पाणी वाढवत बसतात.

आठ. कोळी लागलेल्या कुंड्या बाजूला काढून पाइपच्या जोरदार धारेने धुतल्या. तेवढ्यात आईचा फोन. तिकडे संध्याकाळचे साडेपाच.

"अगं, म्हणजे आपल्या अंगणातलं ख्रिसमस ट्रीच ना?"

नव्हे गं, तो अरौकारिया. हा वेगळा.

दहा. गिऱ्हाइकं. "एवढंच राहील ना?" हा प्रश्न ठरलेला. नाही राहणार. वर्षाला पाच-दहा सेंटीमीटर वाढतं, पण वाढतंच; चाळीस वर्षांनी खिडकी झाकतं. लेबलवरचा 'बुटका' हा शब्द अर्धवट खरा आहे.

दोन. सिकेटर. चुकार धुमारे छाटायचे, माझं आवडतं काम. हे झाड म्हणजे जंगलातल्या पांढऱ्या स्प्रूसचीच एक लहर. १९०४मध्ये अल्बर्टात, लेक लुईसजवळ, आगगाडीची वाट पाहताना अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाच्या रेडर आणि जॅक या दोघांना ते सापडलं. तेव्हापासून त्याची छाट कलमं चालू आहेत. पण रक्त जंगलाचंच, जिथे पांढरा स्प्रूस तीस मीटरही गाठतो. मध्येच कुठून तरी एक धुमारा सुटतो: जाड, सरळ, सुया लांब आणि विरळ. शेजारच्या सुया जेमतेम सेंटीमीटरभर, दाट, मऊ. जंगली सुया चुरगळल्या की मांजराच्या मुताचा वास येतो. इथले लोक त्याला 'कॅट स्प्रूस' म्हणतात ते उगाच नाही.

मागे एकदा असाच एक धुमारा मी कौतुकाने ठेवला. पुढच्याच उन्हाळ्यात त्याने अख्ख्या झाडाची रया घालवली.

पाच. फाटक बंद. परदेशात कुणाच्या दाराशी हे झाड असेल, तर असा धुमारा दिसताच कापा. नुसता शेंडा खुडू नका; जिथून फुटलाय, तिथूनच.